राजाच्या गाण्याला देवीचे शब्द

गाजलेले गाणे उचलावे आणि त्याला अगदी परक्या शैलीचा पोशाख चढवावा, हा खेळ आज आपल्या अंगवळणी पडला आहे. रॉकगीताचे भजन होते, लावणीला जॅझची साथ मिळते, आणि ऐकणारे कौतुकाने ते एकमेकांना पाठवतात. आजचा धागा अशाच एका उचापतीविषयी आहे. ही उचापत सुमारे दोनशे वर्षांपूर्वीची, तिचा कर्ता कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींपैकी एक, आणि त्याने उचललेले गाणे खुद्द इंग्लंडच्या राजाचे.

कर्त्याचे नाव मुथुस्वामी दीक्षितर (१७७५–१८३५). गाणे ‘गॉड सेव्ह द किंग’. त्या चालीवर दीक्षितरांनी जी संस्कृत स्तुती बसवली ती ‘सन्ततं पाहि माम्’ या नावाने ओळखली जाते. तमिळनाडूत गायन शिकू लागलेली मुले ती आजही म्हणतात. पहिल्या दोन-तीन स्वरांतच चाल ओळखू येते आणि ऐकणारा दचकतो. डोळ्यांसमोर लाल डगल्यातले शिपाई उभे राहतात आणि कानांवर शब्द पडतात ते वीणाधारिणी श्यामलेचे.

ही एकुलती एक गंमत असती, तर तिला धाग्याची गरज नव्हती. दीक्षितरांच्या नावावर अशा सुमारे चाळीस रचना आहेत. त्यांना ‘नोट्टुस्वर साहित्य’ म्हणतात. ‘नोट्टु’ म्हणजे इंग्रजी ‘नोट’. तमिळ जिभेने त्याच्या शेवटी उकार जोडला आणि शब्द आपला करून टाकला. चाल युरोपीय वाद्यवृंदाची, शब्द संस्कृत, विषय देवस्तुती. ‘लिमरिक’ नावाच्या आयरिश धुनेवर मदुरेची मीनाक्षी आहे. ‘लॉर्ड मॅक्डोनल्ड्स रील’ या स्कॉटिश नाचाच्या धुनेवर आणखी एक स्तोत्र आहे. अभ्यासकांनी या चालींचे मूळ शोधून याद्या केल्या आहेत. त्या याद्यांतील एक नोंद मला सर्वांत विलक्षण वाटते, आणि तिच्यासाठी आपल्याला आधी लखनौला जावे लागेल.

अठराव्या शतकाच्या अखेरीस उत्तर हिंदुस्थानात राहणाऱ्या काही इंग्रज स्त्रियांना एक छंद जडला होता. नवाबांच्या आणि बड्या साहेबांच्या मैफिलींत गाणाऱ्या कलावंतिणींची गाणी टिपून घ्यायची, ती हार्प्सिकॉर्ड या पियानोच्या पूर्वजावर बसवायची आणि आपल्या मंडळींत सादर करायची. अशा गाण्यांना ‘हिंदुस्थानी एअर्स’ असे नाव पडले. बनारसेत मार्गारेट फाउक हे काम करीत होती. तिचा भाऊ फ्रान्सिस याने जीवन शाह नावाच्या बीनकाराचे वादन ऐकून, आपला हार्प्सिकॉर्ड त्याच्या बीनेशी जुळवून, स्वरांतरे तपासली आणि ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या १७८८ च्या पहिल्या खंडात बीनेवर टिपण लिहिले. लखनौत सोफिया प्लाउडेन होती. खानम जान या नामांकित काश्मिरी गायिकेची गाणी तिने जमवली. शब्द फारसी-उर्दू लिपीत सुंदर हस्ताक्षरात उतरवले गेले आणि चाली युरोपीय स्वरलिपीत. तो संग्रह आज केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे.

जरा कल्पना करून पाहा. गायिका गाते आहे, आणि एक बाई हाती लेखणी घेऊन तिला पुन्हा पुन्हा तीच ओळ म्हणायला लावते आहे. गायिका प्रत्येक वेळी ती ओळ थोडी निराळी म्हणते, कारण तिच्या दृष्टीने गाणे म्हणजे तेच. लिहिणारीला मात्र पाच रेघांवर एकच रूप हवे आहे. पट्टीत असलेले पक्के बारा स्वर, त्यांच्या मधल्या जागा नाहीत, मींड नाही. त्या काळच्या या सगळ्या खटाटोपाचे यश आणि अपयश याच एका अडचणीत साठलेले आहे.

१७८९ साली विल्यम हॅमिल्टन बर्ड याने कलकत्त्याला ‘द ओरिएंटल मिसेलनी’ हे पुस्तक छापून वॉरन हेस्टिंग्जला अर्पण केले. हिंदुस्थानी गाणी युरोपीय स्वरलिपीत छापणारे हे पहिले पुस्तक. बर्डने गाण्यांची वर्गवारी केली होती: रेख्ता, तराना, टप्पा, रागिणी. त्यांतले रेख्ते त्याला गोड वाटले, कारण ते तालाच्या सरळ चौकटीत बसत. रागिण्यांनी मात्र त्याला जेरीस आणले. त्या त्याच्या मोजमापात येईनात. त्याचा हा वैताग मी दोष म्हणून सांगत नाही. जे मोजता येत नाही ते मोजता येत नाही असे लिहून ठेवणारा माणूस इतिहासाला उपयोगी पडतो. पुढे १८०० च्या सुमारास लंडनमध्ये अमेलिया ओपी या लेखिकेने अशा चालींवर इंग्रजी कविता लिहिल्या आणि बिग्ज नावाच्या संगीतकाराने त्यांना साथसंगत रचली. म्हणजे नाचगाण्याच्या बैठकीतली चाल इंग्लंडच्या दिवाणखान्यात पोहोचली.

या साऱ्यांत सर्वांत लोकप्रिय ठरलेले गाणे होते ‘ताज़ा ब ताज़ा, नौ ब नौ’, म्हणजे ‘ताजे ताजे, नवे नवे’. हाफिजच्या नावावर प्रसिद्ध असलेली ही फारसी गझल. बर्डच्या पुस्तकात ती आहे, प्लाउडेनच्या वर्तुळात ती आहे, साहेबांच्या मेजवान्यांत ती आहे. आणि आता ती यादीतली नोंद: पिवळ्या कांतीच्या भैरवाची स्तुती करणारे दीक्षितरांचे नोट्टुस्वर ‘पीतवर्णं भजे’, त्याची चाल ‘ताज़ा ब ताज़ा’.

म्हणजे पाहा: साकी-शराबच्या परंपरेतली फारसी गझल, ती गाणारी काश्मिरी कलावंतीण, ती टिपणारी इंग्रज बाई, ती वाजवणारे कंपनीचे वादक, आणि शेवटी तिला संस्कृतात भैरवापुढे उभी करणारा तमिळ ब्राह्मण. युरोपीय संगीत म्हणून दक्षिणेत पोहोचलेली ही चाल मुळात आपल्याच बाजूची होती, हे त्या वेळी किती जणांच्या ध्यानात आले असेल?

आता मद्रासला येऊ.

दीक्षितर घराणे तिरुवारूरचे. वडील रामस्वामी दीक्षितर स्वतः मोठे रचनाकार. मद्रासजवळच्या मणली येथील मुद्दुकृष्ण मुदलियार या धनिकाने या कुटुंबाला आश्रय दिला. त्यांचे पुत्र व्यंकटकृष्ण, ज्यांना चिन्नय्या मुदलियार म्हणत, ते ईस्ट इंडिया कंपनीचे दुभाष होते. ‘दुभाष’ म्हणजे केवळ भाषांतर करणारा नव्हे. कंपनीचा व्यापार आणि गावची माणसे यांच्यामध्ये उभा राहून दोघांचीही कामे करून देणारा, आणि त्यात स्वतः गडगंज होणारा, तो दुभाष. अशा माणसाला फोर्ट सेंट जॉर्जच्या किल्ल्यात मुक्तद्वार असे. तो या तरुण संगीतकारांना किल्ल्यात घेऊन गेला आणि त्यांनी तिथे गोऱ्यांचा बँड ऐकला, अशी घराण्याची आठवण आहे.

त्या बँडच्या वादनात ‘गॉड सेव्ह द किंग’ असणारच. हे गाणे लंडनच्या नाट्यगृहांत १७४५ साली गाजले, तेव्हा स्टुअर्ट घराण्याच्या दावेदाराने बंड पुकारले होते आणि राजनिष्ठा दाखवण्याची निकड होती. १७८९ मध्ये तिसरा जॉर्ज दुखण्यातून उठला तेव्हा ते पुन्हा साम्राज्यभर घुमले. त्याची चाल तर इतकी फिरती की तिला एका देशाची म्हणणे कठीण. प्रशियाने तिच्यावर आपल्या राजाचे गीत बसवले, रशियाने १८३३ पर्यंत ती वापरली, अमेरिकेने १८३१ मध्ये तिच्यावर देशभक्तिगीत लिहिले, आणि चिमुकल्या लिख्टेनश्टाइनचे राष्ट्रगीत आजही त्याच चालीवर आहे. बेथोव्हेनने १८०३ मध्ये पियानोसाठी तिच्यावर सात रूपांतरे रचली. दीक्षितर आणि बेथोव्हेन जवळपास एका वयाचे. एकाच चालीवर दोघांनीही हात फिरवला आहे, आणि दोघांनाही एकमेकांची वार्ता नाही.

चालीचा पल्ला तसा लहान आहे. ती सप्तकापेक्षा कमी जागेत फिरते, स्वर बहुधा शेजारच्या स्वरावर पाऊल टाकतात, उड्या थोड्या. तीन मात्रांची लय आणि एकूण चौदा मात्रागट, आधी सहा, मग आठ. कर्नाटक संगीतात तिस्र गती आहेच, त्यामुळे लयीचे काही अडत नाही. स्वरांचे म्हणाल तर युरोपीय मेजर सप्तक म्हणजे आपला बिलावल थाट, आणि दक्षिणेत एकोणतिसावा मेळ, शंकराभरण. म्हणून सगळी नोट्टुस्वरे शंकराभरणाच्या खाती मांडली जातात. खाती मांडली जातात असे मी मुद्दाम म्हणतो, कारण ज्यांनी शंकराभरण रागाचा विस्तार ऐकला आहे त्यांना ठाऊक आहे की सप्तक जुळले म्हणजे राग जुळला असे होत नाही. रागाचा जीव गमकांत असतो, स्वराला दिलेल्या हेलकाव्यात, एका स्वरातून दुसऱ्याकडे झुकण्यात. नोट्टुस्वरांत गमके जवळजवळ नाहीत. स्वर खिळ्यासारखे सरळ ठोकलेले.

इथे दीक्षितरांच्या निवडीचे महत्त्व कळते. हा माणूस गमकांचा बादशहा. त्यांच्या कृती संथ लयीच्या, लांबलचक संस्कृत समासांच्या, ज्यांत अनेकदा रागाचे नावही अर्थाला धक्का न लावता गुंफलेले असते. तरुणपणी ते चिदंबरनाथ योगी या गुरूंबरोबर काशीला जाऊन काही वर्षे राहिले. तिथे ऐकलेल्या उत्तरेकडच्या गायकीची छाया त्यांच्या कृतींवर दिसते, आणि ‘द्विजावन्ती’तल्या कृती ऐकताना आपल्याला जयजयवंती आठवते ती उगाच नव्हे. अशा रचनाकाराला बँडची चाल आपल्या पद्धतीने सजवणे काय अवघड होते? त्यांनी तसे केले नाही. चाल जशी आली तशी ठेवली. प्रत्येक स्वराला एक अक्षर, दीर्घ स्वराला बहुधा गुरू, आखूड स्वराला लघू. संस्कृत भाषेला या चौकटीत इतक्या सहज बसवले आहे की शब्द आधी होते आणि चाल नंतर लावली असे वाटावे. ‘गुरुगुह’ ही त्यांची नाममुद्रा मात्र अनेक नोट्टुस्वरांत येते. ओळख तेवढी ठेवलेली आहे.

आता शब्दांकडे पाहू. मूळ इंग्रजी गीताचे मागणे साधे आहे: देवा, राजाचे रक्षण कर. दीक्षितरांच्या स्तुतीचे मागणेही रक्षणाचेच: सतत माझे रक्षण कर. क्रियापद तेच राहिले आणि त्याच्या दोन्ही बाजू बदलल्या. रक्षणकर्ता इंग्रजांचा देव नाही, संगीतश्यामला आहे, म्हणजे मातंगी, हाती वीणा घेतलेली संगीताची अधिदेवता. आणि ज्याचे रक्षण मागायचे तो राजा नाही, गाणारा आहे. अख्ख्या गीतातून राजा नाहीसा झाला.

हा टोमणा होता का? अनेकांना तसे म्हणायला आवडेल. मी म्हणणार नाही. ‘पाहि माम्’ हे दीक्षितरांच्या कृतींत पदोपदी येणारे बोल आहेत. कोणत्याही चालीवर त्यांनी बहुधा हेच मागितले असते. पण उलट बाजूने, हे दास्य होते, साहेबाच्या गाण्यापुढे मान तुकवणे होते, असे म्हणणाऱ्यांचेही मला पटत नाही. दास्य कसे दिसते त्याचा नमुना आपल्याकडे आहे. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आले, तेव्हा कलकत्त्याच्या शौरींद्रमोहन टागोर यांनी इंग्रजी कविता हिंदुस्थानी रागांत बसवून त्यांच्या सन्मानार्थ पुस्तक काढले. टागोर विद्वान होते आणि भारतीय संगीताची त्यांनी केलेली सेवा मोठी आहे, यात शंका नाही. पण त्या पुस्तकात राग राजपुत्रासमोर हात जोडून उभे आहेत. दीक्षितरांच्या रचनेत राजाचे गाणे देवीसमोर हात जोडून उभे आहे. दोन्ही ठिकाणी चाल आणि शब्द परस्परांना परकेच आहेत. फरक एवढाच की कोण कोणाच्या दारी आले. इतिहासाच्या पुस्तकांत ‘पाश्चात्त्य प्रभाव’ असे दोन शब्द लिहून दोन्ही गोष्टी एकाच रकान्यात टाकल्या जातात. तरुण वाचकांनी त्या रकान्यावर विश्वास ठेवू नये, म्हणून हा सारा प्रपंच.

किल्ल्यातल्या बँडने दुसरेही एक बीज पेरले. मुथुस्वामींचे धाकटे बंधू बालुस्वामी यांना फिडल, म्हणजे व्हायोलिन, आवडले. मुदलियारांनी एका युरोपीय वादकाकडे त्यांची शिकवणी लावली आणि सुमारे तीन वर्षे ते शिकले. मग त्यांनी त्या वाद्यावर आपले संगीत वाजवायला सुरुवात केली. युरोपीय वादक उभा राहतो आणि वाद्य हनुवटीखाली धरतो. आपल्याकडे वादक मांडी घालून बसला, वाद्याचे मस्तक उजव्या पावलावर टेकले आणि दुसरे टोक छातीखांद्याशी. डावा हात वाद्य पेलण्याच्या कामातून मोकळा झाला आणि तारेवर वर-खाली मनसोक्त घसरू लागला. म्हणजेच गमके निघू लागली. तारा जुळवल्या षड्ज-पंचम, षड्ज-पंचम. परकी चाल दीक्षितरांनी जशीच्या तशी ठेवली होती. परके वाद्य मात्र बालुस्वामींनी आपल्या बैठकीला बसवले, अगदी शब्दशः. दोन भावांनी एकाच बँडपासून दोन उलट गोष्टी घेतल्या, यापेक्षा सुंदर काही मला या कथेत दिसत नाही.

पुढे मुथुस्वामींचा शिष्य वडिवेलु याने त्रावणकोरच्या दरबारात व्हायोलिन गाजवले आणि राजे स्वाती तिरुनाळ यांनी त्याला हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले. आज कर्नाटक मैफलीत व्हायोलिनची साथ नसेल तर लोकांना चुकल्यासारखे होते. आपल्याकडे गजाननबुवा जोशी, श्रीधर पार्सेकर, व्ही. जी. जोग यांनी ते वाद्य हिंदुस्थानी गायकीत आणले, तोवर दक्षिणेत त्याला शतकाहून अधिक काळ लोटला होता.

वडिवेलु आणि त्याचे तीन बंधू चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम हे ‘तंजावर चौकडी’ म्हणून ओळखले जातात, आणि तंजावर म्हटले की आपल्या मराठी माणसांचा विषय निघणे अटळ आहे.

त्या वेळी तंजावरच्या गादीवर होते दुसरे सरफोजीराजे भोसले (१७७७–१८३२), शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्या गादीचे वारस. श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले, काही काळ मद्रासलाही काढला. १७९८ मध्ये कंपनीने त्यांना गादीवर बसवले आणि पुढच्याच वर्षी तह करून राज्यकारभार काढून घेतला. राजांकडे उरला किल्ला, राजवाडा आणि तनखा. राज्य नसलेल्या या राजाने मग जे केले ते थक्क करणारे आहे. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले. देवनागरी टंकांचा छापखाना घातला आणि इसापनीती मराठीत छापली. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवला. १८२६ साली बिशप हेबर त्यांना भेटला, तेव्हा लाव्हाझिये आणि लिनियस यांचे दाखले सहज देणारा हा राजा पाहून तो चकित झाला होता.

राजवाड्यात त्यांनी युरोपीय वाद्यांचा बँड उभा केला. त्यासाठी वाद्ये आणि छापील संगीत मागवले. युरोपीय स्वरलिपीतले ते कागद सरस्वती महालात जपून ठेवलेले आहेत. मद्रासेच्या किल्ल्यात बँड म्हणजे सत्तेचा आवाज होता. तंजावरच्या किल्ल्यात बँड राजाच्या पदरी होता. ज्याच्या हाती सैन्य राहिले नव्हते त्याने सैन्याचे वाद्यसंगीत तेवढे आपल्या अंगणात आणले, याला हौस म्हणायचे की दुःख, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सरफोजींचा आणखी एक प्रयोग तर नोट्टुस्वरांच्या पंक्तीला बसावा असा आहे. ‘कुरवंजी’ हा दक्षिणेतला नृत्यनाट्याचा प्रकार. डोंगरातली भविष्य सांगणारी कुरवंजी येते, नायिकेचा हात पाहते, आपल्या देशाचे वर्णन करते आणि प्रियकर भेटेल असे सांगते. सरफोजींनी हा साचा घेऊन मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ रचली. तिच्यात कुरवंजी सांगते काय, तर जगाचा भूगोल! खंड, देश, नद्या. नवे विज्ञान शिकवायला त्यांनी जुनी जोगीण कामाला लावली. आणि त्याच श्वार्ट्झच्या हाताखाली शिकलेल्या वेदनायक शास्त्री या तमिळ ख्रिस्ती कवीने १८०० मध्ये तोच साचा घेऊन ‘बेथलेहेम कुरवंजी’ लिहिली. तिथे कुरवंजी येशूच्या गावाची वाट दाखवते. एका पाद्र्याचे दोन शिष्य, एक साचा, एकाचा भूगोल आणि दुसऱ्याचे ख्रिस्तचरित्र.

तंजावरातून उलट्या दिशेनेही माल गेला. मराठी कीर्तनकार दक्षिणेत आले, त्यांच्या निरूपणाची तमिळ मंडळींना गोडी लागली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर कृष्ण भागवतर यांनी त्यातून तमिळ हरिकथेचे नवे रूप घडवले. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे मराठी छंद त्यात तमिळ शब्द घेऊन नांदू लागले. ‘साकी’ हे नाव तमिळ हरिकथाकाराच्या तोंडून ऐकताना मराठी माणसाला जे वाटते, तेच काहीसे इंग्रजाला ‘सन्ततं पाहि माम्’ ऐकताना वाटत असेल.

नोट्टुस्वरे टिकली कशी? दीक्षितर १८३५ मध्ये एट्टयपुरम येथे वारले. बालुस्वामी तिथल्याच दरबारी होते आणि त्यांचा नातू व दत्तकपुत्र सुब्बराम दीक्षितर याने घराण्याचा ठेवा सांभाळला. ए. एम. चिन्नस्वामी मुदलियार या मद्रासच्या ख्रिस्ती गृहस्थाने कर्नाटक संगीत युरोपीय स्वरलिपीत उतरवण्याचा ध्यास घेतला होता. त्याचा ग्रंथ १८९३ मध्ये निघू लागला. सुब्बराम दीक्षितरांचा ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा तेलुगू महाग्रंथ १९०४ मध्ये छापला गेला, त्यामागेही मुदलियारांची खटपट होती. विद्वानांनी नोट्टुस्वरांना फार काळ मोठ्या माणसाची करमणूक समजून बाजूला ठेवले. मैफलीत ती क्वचितच गायली जातात. पण सरळ स्वर, लहान पल्ला, ठसठशीत लय, यामुळे शिकवणाऱ्यांना ती सोयीची वाटली आणि मुलांच्या गळ्यांनी ती जपली.

मैफलीत मात्र ‘नोट्टु’ निराळ्या दाराने आला. विसाव्या शतकात हरिकेशनल्लूर मुथय्या भागवतर यांनी बँडच्या ढंगाची एक रचना केली. तिला ‘इंग्लिश नोट’ असेच म्हणतात. मदुरै मणि अय्यर या गायकाने ती मैफलीच्या अखेरीस नुसत्या सरगमेत गाऊन इतकी लोकप्रिय केली की श्रोते तिची वाट पाहत बसत. देवळाच्या मिरवणुकीत नागस्वरवादकही ती वाजवतात. बाजूला दोन तविल दणाणत असतात, आणि मधून ही टुमदार गोरी चाल निघते. ती ऐकताना कोणालाही फोर्ट सेंट जॉर्ज आठवत नाही.

आपल्याकडे या साऱ्याला फार साधा शब्द आहे: ‘चाल’. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यातली पदे साक्या-दिंड्यांवर, लावण्यांवर, कानडी पदांवर बांधलेली होती. कण्वाच्या आश्रमात कानडी चाल वावगी आहे असे कोणाला वाटले नाही. पुढे १९११ च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंबे यांनी पूरबकडच्या ठुमरी-दादऱ्याच्या चाली मराठी शब्दांत बसवल्या आणि महाराष्ट्र त्यांना नाट्यगीते म्हणून गुणगुणू लागला. जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तके कधी हाती आली तर पाहा. पदाच्या माथ्यावर बारीक टाइपात ‘चाल’ असे लिहून मूळ गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द दिलेले असतात, म्हणजे वाचणाऱ्याने ते गाणे आठवून पद म्हणावे. त्यांतली कितीतरी मूळ गाणी आता कोणी गात नाही. नाट्यपद आपल्याला तोंडपाठ असते, आणि ज्याच्यावरून ते घेतले त्याची निशाणी म्हणून तेवढे दोन-तीन शब्द पदाच्या माथ्यावर उरलेले असतात.